आधी फक्की मारून बघा, मग सिमेंट ओता



मागच्या आठवड्यात एका मावशींचा आपल्या रेडिओवर फोन आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, तालुक्याला भाजीसाठी नवे ओटे बांधलेत. तिथं बसलं तर माल खपत न्हाई, आन् रस्त्याला बसलं तर उठवत्यात. मग बसायचं कुठं?" फोन ठेवता ठेवता आणखी एक बोलल्या, "आमी काय त्या शहरातल्या न्हाई. आमाला कोण इचारतंय!"

आजचं माझं बोलणं या दोन वाक्यांवर आहे.

ते ओटे आपल्यापैकी बहुतेकींनी बघितले असतील. बाजारतळाच्या पार मागच्या अंगाला, भिंतीला लागून, दोन रांगांत आहेत. वर पत्रा आहे, खाली फरशी आहे, उद्‌घाटनाची पाटी आहे. पण ओटा कमरेइतका उंच. साठीतली बाई पालेभाजीचा हारा डोक्यावरून उतरवून त्यावर ठेवणार कशी आणि स्वतः वर चढणार कशी, हे कुणी बघितलं नाही. पत्रा अशा बाजूने उतरता केलाय की दुपारी दोननंतर ऊन थेट तोंडावर. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक तिथवर येतच नाही. आपलं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक एसटी स्टँडवरून पायी येतं, दुसरं मोटारसायकलवरून न उतरता विचारतं, "मेथी कशी दिली?" दोघांनाही मागची रांग दिसत नाही. म्हणून पहिल्या बाजारी सगळ्या ओट्यांवर बसल्या, तिसऱ्या बाजारी निम्म्या परत रस्त्याला आल्या, आणि आज त्या ओट्यांवर कुत्री झोपतात.

मी चौकशी केली तेव्हा कळलं की जागेची पाहणी झाली होती. कागदोपत्री सगळं नीट होतं. पाहणी झाली होती बुधवारी. आपला बाजार सोमवारचा. रिकाम्या मैदानात कुठलाही नकाशा शोभून दिसतो.

आता सांगा, ब्लाउज शिवताना आपण काय करतो? आधी कच्ची टीप घालतो, अंगाला लावून बघतो, बगलेत ओढतंय का, बाही नीट बसतेय का, आणि मग मशीन मारतो. दोन मीटर कापडासाठी आपण एवढी काळजी घेतो. लाखो रुपयांच्या सिमेंटला मात्र कच्ची टीप कुणी घालत नाही. आणि सिमेंट उसवता येत नाही.

जगात काही शहरांनी रस्त्यांना आणि चौकांना अशी कच्ची टीप घालायला सुरुवात केली आहे. त्याला इंग्रजीत टॅक्टिकल अर्बनिझम असं भारदस्त नाव आहे. अमेरिकेतले माइक लायडन आणि अँथनी गार्सिया यांनी २०१५ साली याच नावाचं एक पुस्तक लिहिलं. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. रस्ता, चौक, बाजार बदलायचा असेल तर आधी रंग, दोरी, कुंड्या, प्लॅस्टिकचे शंकू, जुने टायर अशा स्वस्त आणि हलवता येणाऱ्या वस्तूंनी थोड्या दिवसांसाठी बदलून बघायचं. तिथे रोज वावरणाऱ्या लोकांना आखायला, मोजायला, सांगायला बरोबर घ्यायचं. जमलं तर पक्कं करायचं. नाही जमलं तर रंग पुसायचा, टायर उचलायचे, नुकसान फार नाही.

याची एक गमतीदार सुरुवात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातली. तिथे रस्त्याकडेला गाडी उभी करायची तर खांबावरच्या यंत्रात नाणी टाकायची, म्हणजे तेवढा वेळ ती जागा तुमची. १६ नोव्हेंबर २००५ ला रीबार नावाच्या एका गटाने यंत्रात नाणी टाकली, पण गाडी लावलीच नाही. त्या जागेत हिरवळीची गुंडाळी पसरली, एक बाक ठेवला, एक झाड ठेवलं आणि बाजूला झाले. लोक येऊन बसले. दोन तास भरले, तसं सगळं गुंडाळलं आणि निघाले. भांडण नाही, मोर्चा नाही. पण बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न राहिला की एका गाडीच्या जागेत एवढी माणसं बसतात, तर मग ही जागा रोज गाडीलाच का?

दुसरी गोष्ट मोठी आहे, ती जरा सावकाश सांगते. न्यूयॉर्क शहरात टाइम्स स्क्वेअर म्हणून एक चौक आहे. सिनेमात तुम्ही बघितला असेल, चारी बाजूंना झगमगते फलक असतात तो. ब्रॉडवे नावाचा रस्ता तिथे बाकीच्या सरळ रस्त्यांना तिरका छेदून जातो. त्यामुळे वाहनांचा गुंता व्हायचा, आणि फुटपाथ अपुरे पडल्यामुळे माणसं गाड्यांच्या मधून चालायची. शहराच्या वाहतूक खात्याच्या प्रमुख तेव्हा एक बाई होत्या, जेनेट सादिक-खान. २००९ च्या मे महिन्यात त्यांनी ब्रॉडवेचा त्या चौकातला पाच गल्ल्यांचा पट्टा गाड्यांना बंद केला. कसा? नारिंगी पिंपं आडवी लावून. बांधकाम शून्य. मोकळ्या झालेल्या रस्त्यात लोकांनी बसायचं कशावर, तर ठरवलेल्या खुर्च्या वेळेत आल्या नव्हत्या. मग एका हार्डवेअरच्या दुकानातून समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तसल्या स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या शेकड्यांनी आणल्या आणि डांबरावर मांडल्या. काही लोकांनी त्या खुर्च्यांची टिंगल केली. पण खुर्च्या भरल्या.

त्यांनी पुढे केलं ते आपण शिकण्यासारखं आहे. त्यांनी मोजलं. टॅक्सीत जीपीएस असतं, त्यावरून आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो हे काढलं. अपघात मोजले. त्या भागात चालणाऱ्या माणसांना होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि गाडीत बसलेल्यांच्या ६३ टक्क्यांनी. वाहतूक तुंबेल अशी जी ओरड होती ती खरी ठरली नाही. हे आकडे हातात आल्यावर २०१० च्या फेब्रुवारीत महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी बदल कायम केल्याचं जाहीर केलं. फरशी, ग्रॅनाइटचे बाक असं पक्कं काम पुरं व्हायला पुढे २०१६ साल उजाडलं. म्हणजे क्रम बघा. आधी पिंपं आणि खुर्च्या, मग मोजणी, मग निर्णय, आणि सिमेंट सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे उद्‌घाटनाची पाटी सगळ्यांत आधी तयार असते.

त्याच शहरात मोहल्ल्यांमध्ये छोटे चौक करण्याची एक योजना २००८ पासून आहे. तिथे एक अट घातलीय जी मला फार आवडली. चौक पाहिजे तर तिथल्या स्थानिक संस्थेने अर्ज करायचा, आणि झाडणं, खुर्च्या लावणं-आवरणं, झाडांना पाणी घालणं याची जबाबदारी घ्यायची. नुसतं मागून चालत नाही. आपल्या गावात हातपंपाजवळ बाक ठेवा म्हणणाऱ्या दहा जणी असतात, पण बाकाखालची घाण कोण काढणार म्हटलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. तो प्रश्न आधी सुटला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी परदेशातली कौतुकं. तर आपल्याकडचंही सांगते. पुण्यात लक्ष्मी रोडचा एक पट्टा ११ डिसेंबरला गाड्यांना बंद ठेवतात. २०२१ पासून पुणे महापालिकेने हा पादचारी दिन सुरू केला. एका वर्षी त्या दिवशी मी मसाल्याच्या पाकिटांच्या कामासाठी पुण्यात होते. एरवी त्या रस्त्यावर जीव मुठीत धरून चालावं लागतं. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध पोरं खेळत होती, आणि एक आजी बाकावर बसून नातवाला वेफर्स भरवत होत्या. हॉर्न नव्हता, त्यामुळे माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तिथे उगीचच अर्धा तास बसले. पुण्यात जाऊन उगीच बसायची ती माझी पहिलीच वेळ. आपण शहरात गेलो की काम उरकतो आणि एसटी गाठतो, बसत नाही. कारण बसायला जागा नसते, आणि असली तरी बाईमाणसाने नुसतं बसलेलं बरं दिसत नाही असं आपल्याच मनात असतं. बायकांनी मुंबईत नुसतं रेंगाळायला काय हरकत आहे, या एकाच विषयावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय.

मुंबईत मालाडला मिठचौकी म्हणून मोठा चौक आहे. तिथे महापालिका, वाहतूक पोलीस आणि एक अभ्यास संस्था यांनी मिळून शंकू आणि बॅरिकेड लावून चौकाचा आकार तात्पुरता बदलून बघितला. यात एक युक्ती असते, ती समजून घ्या, कारण ती आपल्या शाळेपुढच्या रस्त्यालाही लागू आहे. चौकाचा कोपरा जितका गोल आणि ऐसपैस, तितक्या वेगात गाडी वळते. कोपरा आवळला की ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागतो. आणि कोपरा आवळल्यामुळे जी जागा सुटते ती चालणाऱ्याला उभं राहायला मिळते, शिवाय रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं. डोक्यावर पाटी आणि हाताला पोर असलेल्या बाईला पंधरा पावलं आणि आठ पावलं यात किती फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन वळतात, त्यामुळे आपल्याकडे कोपरा किती आवळायचा हे ट्रॅक्टरवाल्याला विचारूनच ठरवावं लागेल. पुस्तकातलं माप उचलून चालणार नाही.

२०२० मध्ये केंद्र सरकारच्या शहरी खात्याने 'स्ट्रीट्स फॉर पीपल' नावाची स्पर्धा काढली. शंभरावर शहरांनी नावं दिली. आपल्यातली पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, औरंगाबाद ही शहरं त्यात होती. अट हीच की आधी कमी खर्चात करून दाखवा, लोकांचं म्हणणं घ्या, मग पक्कं करा. म्हणजे ही रीत आता सरकारी कागदावर आली आहे. आपल्या तालुक्याच्या मुख्याधिकाऱ्यांना सांगताना हे सांगता येतं. मी सांगितलं.

पण एक गोष्ट मला या सगळ्यात खटकते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. रंगवलेला रस्ता फोटोत फार छान दिसतो. फोटो छान यावा म्हणून सगळ्यांत आधी कोण उठवलं जातं? पाटीवाली. चित्रात हिरव्या कुंड्या असतात, रंगीत बाक असतात, सायकलवर पोरगी असते. मेथीची जुडी सोडवत बसलेली बाई चित्रात नसते. म्हणून 'लोकांना विचारलं' असं कुणी सांगितलं की आपण एकच विचारायचं, कुठल्या लोकांना, आणि कुठल्या वारी?

विचारण्याने काय फरक पडतो त्याचा एक दाखला ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराचा. तिथे १९९० च्या दशकात असं दिसून आलं की लहान मुली बागेत खेळायला येतात, पण नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की यायच्या बंद होतात. बागेला कुलूप नव्हतं, मनाईची पाटी नव्हती. मधलं मैदान मुलांनी व्यापलेलं असायचं, आणि भांडून जागा घ्यायची म्हटलं की मुली मागे फिरायच्या. १९९९ मध्ये दोन बागा बदलल्या. एका मोठ्या मैदानाऐवजी छोटे-छोटे भाग केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा केली, आत फिरायला वाटा काढल्या. मुली परत आल्या. विचारलंच नसतं तर, मुलींना खेळायची आवडच नसते, असं म्हणून लोक मोकळे झाले असते. आपल्या ओट्यांबद्दल आता हेच म्हणतात बघा. "बांधून दिलं तरी ह्या बसत नाहीत, ह्यांना रस्त्यावर बसायचीच सवय."

सवय नाही हो. धंदा आहे.

मावशींचा दुसरा मुद्दा होता, आम्ही शहरातल्या नाही. यावर कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांना लागू आहे, त्यात नगर परिषद आणि नगर पंचायतही आली. त्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी पथविक्रेता समिती पाहिजे. त्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात, आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पुरं होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, असंही कायदा सांगतो. आणि जिथे वर्षानुवर्षं विकणारे आणि घेणारे आपोआप जमतात त्या जागेला कायद्याने नैसर्गिक बाजार म्हटलंय आणि आखणी करताना त्याचा विचार करायला सांगितलंय. आपला स्टँडसमोरचा रस्ता दुसरं काय आहे? तुमचं मतदान कुठल्या गावात आहे यावर हे ठरत नाही, तुम्ही विक्री कुठे करता यावर ठरतं. म्हणून सर्वेक्षणाला माणसं येतील त्या दिवशी जागेवर हजर राहा, आणि बाजाराच्या पावत्या चुलीत घालू नका, जपून ठेवा. गावातला बाजार ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर हा कायदा तिथे नाही. तिथे आपली जागा महिला सभा आणि ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते हे आपल्या पंचायत कायद्यातच आहे. बाजाराचा विषय तिथे लिहून द्यायचा, तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

आता आपण काय केलं ते. आमच्या ग्रामसंघातल्या चौदा जणी मिळून मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. ओटे पाडा असं म्हटलं नाही. म्हटलं, साहेब, चार सोमवार आम्हाला बाजारतळाच्या तोंडाशी फक्की मारून बसून बघू द्या. जागा आम्ही आखू, झाडू आम्ही, पोती आम्ही आणू. लेखी अर्ज दिला, एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, पोच घेतली. साहेबांनी दोन सोमवारांची परवानगी दिली. चार मागितले होते म्हणून दोन मिळाले असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं.

पहिल्या सोमवारी पहाटे सहाला गेलो. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच फक्की. प्रत्येकीला चार फूट बाय चार फूट, दोन रांगा, मध्ये गिऱ्हाइकाला चालायला आठ फूट. पुढे जुने टायर लावले, म्हणजे मोटारसायकल आत शिरणार नाही. मोजायला सोपा उपाय केला. दोन मुली दोन डबे घेऊन बसवल्या. पायी आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक चिंचोका डब्यात. दर तासाला डबा रिकामा करून चिंचोके मोजायचे आणि वहीत मांडायचे. शिकलेली पाहिजे असं काही नाही, चिंचोके मोजता आले की झालं.

आणि तो सोमवार पार फसला.

नऊ वाजेपर्यंत फक्की पायाने पुसली. कोण कुठल्या चौकोनातली हेच कळेना, आपापसात दोन भांडणं झाली. दहा वाजता रिक्षावाले आणि वडापवाले आले आणि त्यांनी आरडाओरडा सुरू केला. कारण आम्ही टायर लावले होते ती त्यांची उभं राहायची जागा. पिढ्यान्‌पिढ्या नाही, पण आठ-दहा वर्षांची तरी. त्यांना कुणी विचारलं होतं? आम्ही नाही. मी त्या वेळी त्यांच्याशी तावातावाने भांडले. घरी आल्यावर भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं, जे आपल्याबरोबर झालं तेच आपण त्यांच्याबरोबर केलं. आपणही रिकामी जागा बघून आखलं होतं, फक्त बुधवारऐवजी पहाटे सहाला.

त्या आठवड्यात आमच्यातल्या तिघी रिक्षा थांब्यावर जाऊन बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाच रिक्षांना जागा राहिली पाहिजे आणि बाहेर पडायला वाट पाहिजे. त्यांनीच एक सुचवलं जे आम्हाला सुचलं नव्हतं. दोन रांगांऐवजी एक लांब रांग कंपाउंडच्या भिंतीला धरून, आणि रिक्षा रांगेच्या शेवटाला. म्हणजे बाजार करून पिशव्या घेऊन निघालेलं माणूस थेट रिक्षाशी. त्यांचाही धंदा, आपलाही.

दुसऱ्या सोमवारी फक्कीऐवजी सुतळी आणि खिळे वापरले, जागा पुसली गेली नाही. टायर फक्त दोन टोकांना. पोरींनी चिंचोके मोजले. मागच्या ओट्यांच्या तोंडाशीही एक डबा ठेवला होता, तुलना करायला. त्या डब्यात दुपारी बारापर्यंत पडलेले चिंचोके एका मुठीत मावले. पुढचा डबा दोनदा रिकामा करावा लागला. वही आम्ही साहेबांपुढे ठेवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे चिंचोके म्हणजे काय प्रकार आहे?" समजावून सांगितलं तर हसले, आणि आणखी दोन सोमवार लिहून दिले.

अजून सगळं सुटलेलं नाही, ते सांगते. भिंतीच्या रांगेत बारा वाजेपर्यंत सावली असते, नंतर नाही. पालेभाजी बारालाच माना टाकते. मागच्या ओट्यांवरचा पत्रा काढून इकडे लावता येईल का, हे आम्ही विचारलंय, उत्तर आलेलं नाही. बायकांना लघवीला जायची सोय स्टँडवरचीच, आणि तिथल्या अवस्थेबद्दल रेडिओवर न बोललेलं बरं. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही हा आपल्या सगळ्यांचा उपाय, तो उपाय नाही, तो आजाराला आमंत्रण आहे. दोरी-टायरने होण्यासारखं ते काम नाही, त्यासाठी वेगळा अर्ज केलाय. आणि चौदाच्या जागी आता एकोणतीस जणींना रांगेत बसायचंय, भिंत मात्र तेवढीच आहे. कुणाला कुठे बसवायचं यावर या शुक्रवारी बैठक आहे. पाळीपाळीने जागा बदलायची असं एकीने सुचवलंय, पण जिचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे तिला ते परवडत नाही. ज्यांचं म्हणणं वेगळं आहे त्यांनी बैठकीला यावं, मागाहून बांधावर बोलू नये.

फोन केलेल्या मावशींनी आपलं गाव सांगितलं नव्हतं. मावशी, ऐकत असाल तर येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला बाजारतळाच्या तोंडाशी या. तिसरी आखणी आहे. तुमची मेथी घेऊन या, आणि घरात असतील तर मूठभर चिंचोके. आमचे कमी पडलेत.